पिवळाधमक गूळ ‘चांगला’ हे नक्की ठरवलं कुणी?

वाटीभर_गूळ यांचा प्रश्न

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा मार्केट यार्डाबाहेर गुळाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, “पिवळाधमक द्या, काळपट नको, घाण असते त्यात.” दुसरा म्हणतो, “काळाच द्या, पिवळ्यात केमिकल असतं.” दोघांनाही शंभर टक्के खात्री, आणि दुकानदार दोघांनाही मान डोलावतो. त्यातही गंमत अशी की ‘सेंद्रिय’ लिहिलेला काळा गूळ पिवळ्यापेक्षा महाग.

माहीतगारांना विचारायचंय: पिवळ्याची आवड चवीतून आली की बाजारातून? गुऱ्हाळवाल्याला रंगामुळं नेमका किती पैशाचा फरक पडतो? आणि घरी घेताना काय बघावं? “पूर्वीपासून असंच आहे” हे उत्तर सोडून बाकी सगळं चालेल.

---

चुलवाण यांचं उत्तर

सगळे हायड्रोसवर (गूळ उजळ करायच्या पावडरीवर) तुटून पडतात, पण रस काहिलीत (आटवायच्या मोठ्या कढईत) पडायच्या आधीच निम्मा रंग ठरलेला असतो.

‘को ९२००५’ हा गुळाचा हुकमी ऊस. पक्व झालेला, निचऱ्याच्या जमिनीतला, आणि तोडल्यापासून २४ तासांच्या आत घाण्याला लागलेला असेल तर कसलीही पावडर न घालता सोनेरी गूळ पडतो. हाच ऊस शिरोळ-हातकणंगल्याच्या चोपण (खारवट) पट्ट्यातला असेल तर क्षार रसात उतरतात. गूळ काळपट, किंचित खारट, आणि पावसाळी हवेत पाणी सोडणारा होतो. युरियाचा शेवटचा हप्ता उशिरा दिला तरी रंग बिघडतो, कारण रसातलं नत्र आणि साखर एकत्र तापली की तपकिरीच होणार. ऊस दोन-तीन दिवस पडून शिळा झाला तर साखर फुटते. मग गुळव्या (गूळ रांधणारा कारागीर) कितीही तरबेज असो, गूळ चिकट राहतो, रवा (गुळाची ढेप) बसत नाही.

आता काहिलीतलं. एका आदणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी आटवायला, साधारण १००० लिटर रस धरा. आधी जाळ मंद ठेवायचा. रस तापत आला की राखाडी-हिरवट मळी (रसातली घाण) जाड साय धरून वर येते. ती फुटून उकळीत मिसळायच्या आत काढायची, हीच खरी गुळव्याची परीक्षा. रानभेंडीची खोडं ठेचून, पाण्यात चोळून, तो बुळबुळीत रस घालतात (१००० लिटरला दोन किलोच्या आसपास भेंडी). बारीक गाळ त्या चिकात अडकून मळीबरोबर वर येतो. उसाच्या रसाचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप) मुळात ५.२ च्या आसपास असतो, चुन्याच्या निवळीनं तो ६ पर्यंत आणायचा. चुना हात सैल सोडून पडला की गूळ काळवंडतो, हे ध्यानात ठेवा. नंतर जाळ मोठा. फेस उतू जायला लागला की थोडं शेंगतेल. काकवी काढायची तर १०५-१०६ अंशाला, गुळासाठी ११८ ते १२० ला काहील उतरवायची. जुना गुळव्या थर्मामीटर बघत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटानं गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. टणकन वाजली तर उतरवा. दोन-तीन अंश जास्त गेलं की करपट, कडवट आणि काळा.

मग हायड्रोस येतो कुठून? मळी मन लावून काढायची तर वेळ जास्त, एक गडी जास्त, आणि भेंडी शोधून आणायची. सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर टाकली की डोळ्यांदेखत पाक उजळतो. गाळ जागेवरच असतो, फक्त त्याचा रंग उडतो. आणि तोही कायमचा नाही, हवा लागली की हळूहळू परत येतो. वखारीत ठेवलेला पिवळा रवा पुढं काळवंडतो आणि व्यापारी म्हणतो “माल उतरला”, त्यातला बराचसा प्रकार हा.

---

सौदापट्टी यांचं उत्तर

चुलवाण यांनी ‘कसा’ सांगितलं, मी ‘का’ सांगतो. पिवळ्याची आवड बाजारातून आली. निदान इतकी टोकाची आवड तरी.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाला बांधीव बाजार मिळाला. तेव्हापासून गूळ हे कोल्हापूरचं बाहेर पाठवायचं पीक. इथला गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो. तिथं चिक्की आणि मिठाईला तो लागतो, शिवाय शीतगृहात साठवून वर्षभर विकला जातो. पिवळ्या गुळाची चिक्की उजळ दिसते, काळ्याची करपल्यासारखी. तिथल्या गिऱ्हाइकाची नजर फिरत फिरत करवीर-पन्हाळ्याच्या काहिलीपर्यंत पोचली.

सौदा चालतो कसा ते बघा. रव्यांच्या थप्प्या लावलेल्या. खरेदीदार एका रव्याची कपची उडवतो, उजेडात धरतो, अंगठ्यानं दाबतो, दाताखाली घेतो, की लगेच बोली. काही सेकंदांचं काम. एवढ्यात काय कळतं? रंग, कडकपणा, फार तर खारटपणा. गंधक किती राहिलंय ते कळत नाही, मळी किती निघाली तेही नाही. जे सौद्यात दिसतं त्यालाच दर मिळतो आणि जे दिसत नाही त्यावर कुणी पैसा घालत नाही.

आता हिशोब. १००० लिटर रसाला सुमारे १.६ टन ऊस लागतो. ११.५ टक्के उतारा (उसाच्या वजनात पडणारा गूळ) धरला तर १८४ किलो गूळ, म्हणजे ३० किलोचे सहा रवे. समजा, काळपट मालाला क्विंटलमागं ५०० रुपये कमी बोली लागली. आदणामागं ९२० रुपये गेले. दिवसाला चार आदणं निघत असतील तर ३,६८० रुपये. दुसऱ्या बाजूला पावडरीचा खर्च नगण्य. आता सांगा, गुऱ्हाळवाल्याला सचोटी शिकवून काय होणार? जळण, मजुरी, गुळव्याची उक्ती, सगळं आधीच अंगावर असतं.

त्यात उचल. हंगामाआधी अडत्याकडून (बाजारातल्या दलालाकडून) पैसे उचललेले असतात, म्हणून माल त्याच्याच पेढीवर उतरवायचा. त्याला पिवळा पाहिजे तर पिवळा. पट्टी (विक्रीचा हिशोब) हातात येते तेव्हा हमाली, तोलाई, उचल सगळं वळतं झालेलं असतं.

एवढं सगळं चालू असताना घरात काय ऐकू येतं? “पिवळा गूळ स्वच्छ.” बाजाराची प्रतवारी स्वयंपाकघरात संस्कार होऊन बसते. पुरणाचा रंग उजळ आला पाहिजे, पाहुण्यांसमोर पोळी काळी दिसायला नको, हे त्याचंच पुढचं टोक.

---

खोडवा यांची शंका

एवढा त्रास असेल तर ऊस सरळ कारखान्याला का घालत नाहीत? आणि ज्यांना जमतं ते सगळेच घालतात, मग गुऱ्हाळं चालतात कशी?

---

सौदापट्टी यांचं उत्तर

भावा, हा पण निवडीचाच प्रश्न आहे, आणि तिथंही निवड दिसते तेवढी मोकळी नाही.

२०२५-२६ चा एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४.६० रुपये वाढतात. म्हणजे १२ टक्के उतारा धरला तर सुमारे ४,१५५, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. गुळाचं बघायचं तर समजा क्विंटलला ४,५०० दर लागला आणि टनाला ११५ किलो गूळ पडला, तर ५,१७५. त्यातून गाळप, मजुरी, जळण आणि बाजारखर्च काढा. पुष्कळदा दोन्ही आकडे जवळजवळ येतात.

मग फरक कशानं पडतो? पीककर्ज सेवा सोसायटीचं, आणि वसुली ऊसबिलातून. कारखान्याचा सभासद असला की सवलतीची साखर, वार्षिक सभा, मतदान. गावात ‘आपला कारखाना’ म्हणताना जो आवाज लागतो तो ‘आपलं गुऱ्हाळ’ म्हणताना लागत नाही. याउलट कारखान्याची ऊसतोड महिनोन् महिने येत नाही, वाळलेल्या उसाचं वजन घटतं, रान मोकळं होत नाही. ज्याला गहू-हरभरा धरायचाय किंवा घरात लग्न आहे त्याला रोख पट्टी पाहिजे. तो गुऱ्हाळाकडं वळतो. गुळाचा दर चढला की वळणारे वाढतात, पडला की गुऱ्हाळं ओस पडतात.

आणि साखरेच्या मानाचं म्हणाल तर शब्दातच बघा की. लग्न ठरतं त्याला आपण साखरपुडा म्हणतो, गूळपुडा नाही. 😄

---

निवळी यांचं उत्तर

वरचं सगळं मान्य, पण काळ्याच्या भक्तांना जरा थांबवायला पाहिजे. काळा म्हणजे सेंद्रिय, हाही बाजारानंच शिकवलेला धडा आहे. फक्त यावेळी गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आणि आरोग्याच्या काळजीतलं. त्याला काळ्याला जास्त पैसे द्यायला आवडतं, म्हणून काळ्याला दर. काळा होण्याची कारणं चुलवाण यांनी सांगितलीच आहेत: चोपण जमीन, शिळा ऊस, न काढलेली मळी, जास्त चुना, करपलेला पाक. यातलं एकही कारण सेंद्रिय नाही. रासायनिक खतावरच्या उसाचा हायड्रोस न घातलेला गूळ छान सोनेरी असू शकतो, आणि सेंद्रिय उसाचा गूळ आळसानं काळा होऊ शकतो.

घरी काय बघायचं:

एक चमचा गूळ काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात विरघळवा आणि अर्धा तास हलवू नका. तळाला माती-चिपाडाचा थर दिसला तर मळी नीट काढलेली नाही. थोडा गाळ राहणारच, चिखल राहता कामा नये.

त्या पाण्यात लिंबू पिळा. फसफसलं तर सोडा किंवा खडूची भुकटी असण्याचा संशय घ्या.

रवा फोडून आतली बाजू उजेडात धरा. बारीक चमचमते खडे एकसारखे दिसले आणि चव नुसतीच गोड, मागं काही रेंगाळत नसेल, तर साखर मिसळलेली असू शकते. साखर स्वस्त आणि गूळ महाग असला की हा उद्योग फायद्याचा होतो. चांगल्या गुळालाही दाणा असतो, पण तो मऊ असतो.

कपच्या गरम पाण्यात टाकून लगेच वास घ्या. काडी ओढल्यासारखा झणका आला तर गंधक. वास नाही म्हणजे हायड्रोस नाही, असं मात्र नाही. कायद्यानं गुळात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमपर्यंत (दहा लाखात ७० भाग) चालतो आणि तेवढा नाकाला कळत नाही. ते प्रयोगशाळेचं काम. तिथं एकूण साखर ९० टक्क्यांच्या आणि सुक्रोज ६० च्या खाली आहे का, हेही तपासतात.

रंगाबद्दल एकच: लिंबासारखा फिकट पिवळा आणि कोळशासारखा काळा, दोन्हींकडं पाठ फिरवा. मधासारखा, एकाच रव्यात कडेला थोडा गडद आणि मध्ये थोडा उजळ असेल तर बरा. निसर्ग एकसारखा रंग देत नाही.

---

वाटीभर_गूळ

धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलंच. गुळाच्या चहाची दुकानं आता गल्लोगल्ली झालीत. एकेकाळी साखर परवडत नाही त्याचा चहा म्हणून नाक मुरडलं जायचं. घरी केला की हमखास फाटतो, दुकानात फाटत नाही. तिथं काय घालतात?

---

चुलवाण

गुळात आंबटपणा असतो आणि क्षार असतात, उकळत्या दुधाला ते सोसत नाहीत. शिळ्या उसाचा गूळ जास्त आंबट, म्हणून जास्त फाडतो. करायचं असं: पाणी, चहापत्ती, आलं उकळून घ्या, त्यातच गूळ विरघळवा आणि गाळा. दूध वेगळं तापवा. दोन्ही भांडी आचेवरून उतरवून मिनिटभर थांबा, मग दूध चहात ओता. एकत्र केल्यावर परत उकळी आणायची नाही. दुकानातही बरेच जण हेच करतात, चहा एका पातेल्यात आणि दूध दुसऱ्यात.

“कसाही उकळा, फाटणार नाही” असं छापलेली गुळाची पावडर मिळते. त्यात सामू चढवलेला असतो, सोड्यानं किंवा चुन्यानं. निवळी यांची लिंबाची परीक्षा आधी त्याच पुडीवर करून बघा.

---

सौदापट्टी

एक पुरवणी. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगला ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या ढेपेला नाही. त्यामुळं दुकानात तोच गूळ बॉक्समध्ये महाग आणि सुटा स्वस्त दिसला तर प्रतीत फरक आहे असं धरू नका. आणि पारदर्शक पिशवीतला एक किलोचा रवा घेताना तो सौद्यातल्या खरेदीदारासारखा नुसत्या डोळ्यानंच निवडला जातो. शक्यतो सुट्यातली कपची मागा. कोल्हापुरात कुठलाही गूळवाला चवीला नाही म्हणत नाही.