इंद्रजालचे जुने अंक: वेताळ कोणत्या काळचा हे कसं ओळखायचं आणि सुटी पानं कशी सावरायची?

पिवळी_पानं

मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे साठेक अंक हाताशी आहेत. बरेचसे वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), थोडे जादूगार मँड्रेक, दहाबारा बहादूर. निम्म्यांची कव्हरं गेली आहेत, त्यामुळे क्रमांकही नाही आणि वर्षही नाही. बारा अंक एकत्र बाइंड केलेले आहेत. बाकीच्यांच्या पिना गंजून मधली पानं सुटली आहेत.

कव्हर नसलेले अंक अंदाजे काळाप्रमाणे लावायचे कसे? काही गोष्टी मध्येच उडी मारतात, ते पान हरवल्यामुळे की मुळातच तसं? पिना-पानांचं काम घरी जमण्यासारखं आहे का? आणि शेवटचा, जरा वादाचा प्रश्न: या मंडळींत अँटीहीरो म्हणावा असा कोणी आहे, की सगळेच धुतल्या तांदळासारखे?

गुरनचा_शेजारी

अंकांचा क्रम आणि कथांचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये निघालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. वेताळाची मूळ वृत्तपत्री चित्रमालिका मात्र १७ फेब्रुवारी १९३६ पासूनची आहे, आणि इंद्रजालने त्यातल्या जुन्या-नव्या कथा सरमिसळ करून छापल्या. पहिल्याच अंकातली पट्ट्याची गोष्ट मूळची १९५४ ची. म्हणून कव्हर नसेल तर निदान कथा कोणत्या काळची हे शोधा, आणि ते चित्रावरून कळतं.

रेघ सगळीकडे एकाच जाडीची, चेहरे सपाट, मागचं जंगल जवळजवळ रिकामं असेल तर चित्रकार विल्सन मॅकॉय, म्हणजे १९६१ च्या आधीचा. वेताळाच्या दंडाचे स्नायू नीट दिसतात, सावल्या ब्रशच्या जाड-बारीक फटकाऱ्यांनी भरल्या आहेत, घोड्याच्या मानेवर काळ्या शाईचे मोठे पट्टे आहेत, तर साय बॅरी. बॅरी १९६१ पासून १९९४ पर्यंत होता, म्हणून त्यातही दोन भाग पाडा. डायना अजून प्रेयसी असेल तर १९७७ च्या आधीची कथा, कारण लग्न त्या वर्षी झालं. किट आणि हेलोइस ही त्यांची जुळी मुलं दिसली की १९७९ किंवा नंतरची. सगळ्यात जुना रे मूर: सडपातळ वेताळ, बारीक रेघांची दाट सावली, बरेच प्रसंग रात्रीचे.

मँड्रेकमध्ये त्याचा साथीदार लोथार याचे कपडे बघा. बिबट्याचं कातडं आणि डोक्यावर फेझ टोपी असेल तर फिल डेव्हिसचा काळ. १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्सने चित्रं काढायला घेतली आणि लोथार हळूहळू माणसांत आला.

अंकांपुरता एक उपयोगी आकडा: पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळ आहे. बहादूर तर १९७६ चा, त्यामुळे त्याच्या अंकांची आधीची हद्द आपोआप ठरते.

आता उडीबद्दल. आधी पान हरवलंय का ते तपासा. मध्ये पिना मारलेल्या अंकात एका घडीच्या कागदावर चार पानं येतात, आणि त्या कागदाच्या एकाच बाजूवरच्या दोन जोडपानांच्या आकड्यांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त भरते. ३२ पानी अंकात ७ चं जोडपान २६. सातवं-आठवं गायब असेल तर पंचविसावं-सव्विसावं एकतर सुटं लोंबत असणार किंवा त्याच्या घडीजवळ फाटक्या कागदाची पट्टी उरलेली असणार. दोन्ही नसेल आणि आकडे सलग असतील, तर उडी छापतानाचीच. वृत्तपत्रातल्या रोजच्या पट्टीत तीन-चार चौकटी असतात आणि पहिली चौकट बऱ्याचदा कालचीच उजळणी करते. पुस्तक करताना त्या काढाव्याच लागतात. शिवाय पानं ठरलेली, मग कात्री आणखी पुढे जाते आणि एखादा कैदी कसा सुटला हे कळतच नाही.

नेगेटिव्ह_चौकट

वरच्यात भर. नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका. वेताळाच्या बेंगाला देशाचं इथे डेंकाली झालं, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, आणि विसाव्या वेताळाचा, म्हणजे आताच्या वेताळाच्या बापाचा, खुनी रामा इथे रामलू आहे. कारण उघड आहे, मूळ नावं इथल्या वाचकांना खटकली असती. मूळ इंग्रजी पट्टीशी ताडून बघताना ही तीन नावं लक्षात नसतील तर एकच कथा दोन वाटतात.

रंगाचंही तसंच. रोजची पट्टी काळी-पांढरी होती, रंग नंतर भरलेले. वेताळाचा लेखक ली फॉक याच्या मनात त्याचा पोशाख करडा होता, १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. स्कँडिनेव्हियात तो निळा, इटलीत लाल. म्हणून रंग वेगळा दिसला की लगेच नकली अंक म्हणू नका. मात्र कव्हरवर निळसर आणि आत जांभळा असा फरक असेल तर ते उन्हाचं काम: जांभळ्यातला किरमिजी आधी उडतो, निळा मागे राहतो. बाह्यरेषेच्या बाहेर लाल रंगाची बारीक किनार दिसते तो मात्र छपाईतला दोष, रंगांच्या प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत की होतो. भिंगातून ठिपके बघा, लगेच कळेल. तो ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

खळ_आणि_ब्रश

पिनांचं काम घरी जमतं, घाई नसेल तर. अंक मधल्या पानावर उघडून सपाट ठेवा. पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीच्या टोकाने उचला, सरळ करा, मग अंक पालथा घालून पिन बाहेरून वर ओढा. पाय सरळ न करता ओढली तर भोकाभोवतीचा कागद घेऊनच ती निघते. गंज कागदाला चिकटलेला असेल तर पिन कटरने दोन तुकडे करून काढा. गंजाचा तपकिरी डाग जात नाही. लिंबू-मीठ लावायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका, आम्लाने तिथे भोकच पडेल.

घडीवर फाटलेल्या कागदाला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट, लांब तंतूंचा कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. मैदा नको. मैद्यात ग्लुटेन असतं, खळ पिवळी पडते आणि कसर तिथेच लागते. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तसाच काढा, पण निवळवून वरचं पाणी दोन-तीनदा बदला, आंबू देऊ नका. वाळलेलं सत्त्व १ भाग, पाणी ५ भाग, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत. दुधाळ रंग जाऊन पारदर्शक चकाकी आली की झाली. गार करून बारीक कापडातून दाबून गाळा आणि लावण्याआधी सायीइतकी सैल करा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांच्या पुढे ठेवू नका.

टिश्यूची पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. रुंदी ५ ते ६ मिलिमीटर पुरे. खळ पट्टीला लावा, पानाला नाही. वर बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर जड पुस्तक. पहिला टिपकागद दहा मिनिटांनी बदला, मग रात्रभर तसंच. खळ पातळ राहिली तर या स्वस्त कागदावर भरतीच्या रेषेसारखा तपकिरी काठ उमटतो, आणि तो कायमचा.

मग त्याच जुन्या भोकांतून स्टेनलेस पिन किंवा तीन पदरी सुती दोरा. नवी भोकं पाडू नका.

बाइंड केलेले बारा अंक सोडवूच नका, असं माझं मत. बाइंडरने तिन्ही कडा कापलेल्या असतात, सुटे केले तरी मूळ आकार परत येत नाही आणि पाठीला लावलेला सरस निघताना घडी फाटते.

पिवळी_पानं

बेरजेची युक्ती लावली. तीन अंकांत खरंच पान गेलंय, बाकी सगळ्या उड्या छापील. पण काही पानांना जुना सेलोटेप आहे. ड्रायरने काढू का?

खळ_आणि_ब्रश

फिल्म आपोआप सुटून येत असेल तर तेवढीच काढा, उरलेला पिवळा डिंक क्रेप रबराने (डिंक उचलणारा रबराचा तुकडा) हलक्या हाताने गोळा करा. फिल्म घट्ट असेल तर हात लावू नका. ड्रायरने डिंक वितळून कागदात आणखी आत जातो, आणि ओढताना वेताळाचं अर्धं तोंड टेपवर येतं.

साठवण थोडक्यात: पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. पीव्हीसीची पिशवी नको, तिच्यातलं तेलकट द्रव्य सुटून शाई चिकटते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात भिंतीला लागलेलं कपाट टाळा. कसर दिसली तर अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरला उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर बसतं. डांबरगोळ्या ठेवू नका, वास वर्षानुवर्षं जात नाही.

कोब्राचा_वकील

अँटीहीरोचा प्रश्न सगळ्यांनी टाळलेला दिसतोय. वेताळ अँटीहीरो नाही. तो बापाच्या खुन्याच्या कवटीवर शपथ घेणाऱ्या घराण्यातला असला तरी शपथ चाचेगिरी, लोभ आणि क्रौर्य यांच्याविरुद्धची आहे, एका माणसाविरुद्धची नाही. उजव्या हातातली कवटीची अंगठी आणि डाव्या हातातली संरक्षणाची, या दोन्ही मिळून तो आहे.

मँड्रेकमध्ये शोध घ्यायचा तर कोब्राचा. मुखवट्याआडचा ल्युसिफर हा मँड्रेकच्याच बापाचा, थेरॉनचा मुलगा, म्हणजे मँड्रेकचा सावत्र भाऊ. पण तो शेवटी खलनायकच.

बहादूर जास्त जवळ जातो. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला: दरोडेखोराचा मुलगा, आणि सांभाळ करणारा पोलीस अधिकारी विशाल. भगवा कुर्ता आणि जीन्स घालून तो त्याच दरोडेखोरांविरुद्ध नागरिकांचं दल उभं करतो. मुखवटा नाही की शक्ती नाही. तुमच्याकडे दहाबारा आहेत, आधी तेच वाचा.

पण खराखुरा अँटीहीरो इंद्रजालमध्ये नाही, तो हिंदी राज कॉमिक्समध्ये सापडतो. १९८६ चा नागराज सुरुवातीला प्रोफेसर नागमणीचं भाड्याने द्यायचं हत्यार आहे, डोक्यात बसवलेल्या कॅप्सूलच्या ताब्यातला. बाबा गोरखनाथ ती काढतात तेव्हा कुठे तो नायक होतो. ते सुरुवातीचे अंक प्रताप मुळीकांनी काढले आहेत, त्यांचा हात अमर चित्र कथेतून ओळखीचा असेल. डोगा तर त्याहून पुढचा: कचऱ्यात सापडलेलं, डाकूने वाढवलेलं पोर, कुत्र्याचा मुखवटा, आणि गुन्हेगाराला पोलिसांकडे देण्यापेक्षा जागच्या जागी संपवणारा. वेताळाच्या बाजूला ठेवून एकदा वाचा. वेताळ जबड्यावर ठसा उमटवून सोडतो, डोगा माणूसच शिल्लक ठेवत नाही.