उपाहारगृहात सर्व्हिस डॉग: मालकाला काय विचारता येते?

दालचिनी:
न्यू जर्सीत आम्ही तिघे भागीदार महाराष्ट्रीय पदार्थांचे छोटे उपाहारगृह चालवतो. मध्यंतरी एक बाई कुत्र्यासह आल्या. त्याच्या अंगावर सर्व्हिस डॉगचे, म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याचे, ना जॅकेट होते, ना बिल्ला. आम्ही त्यांना बसवून घेतले, पण शेजारच्या गृहस्थांनी ॲलर्जीची तक्रार केली. आता रविवारी बुफे सुरू करायचा आहे आणि एका भागीदाराचे म्हणणे असे, की आरोग्य खात्याच्या नियमांमुळे अन्नाजवळ कुत्रा चालणार नाही, निदान प्रमाणपत्र तरी पाहावे. कायदा नेमका काय सांगतो?

नदीकाठ:
भागीदारांचे दोन्ही मुद्दे कायद्याला धरून नाहीत. १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या अपंगांच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्यानुसार ग्राहकांसाठी खुल्या असलेल्या जागेत, अगदी बुफेच्या रांगेतसुद्धा, अपंग व्यक्तीचा सर्व्हिस डॉग तिच्यासोबत येऊ शकतो, आणि स्थानिक आरोग्य नियम याच्या आड येत नाहीत. कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजाराची चौकशी करणे, कागद मागणे किंवा ‘करून दाखवा’ म्हणणे यांना मनाई आहे. ॲलर्जी असलेल्या ग्राहकाला शक्य तितक्या दूरच्या टेबलावर बसवावे. कुत्रा अनावर झाला आणि मालकाने त्याला आवरले नाही, किंवा त्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येते. मात्र त्या व्यक्तीला कुत्र्याविना सेवा देऊ करावीच लागते. कुत्र्याला खुर्चीवर बसू देण्याचे किंवा टेबलावर भरवू देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

आर्याची आई:
प्रमाणपत्राबद्दल कळकळीने लिहिते. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि साखर उतरू लागली की तिचा कुत्रा वासावरून ओळखून पंजाने तिला सावध करतो. त्याला आम्ही घरीच शिकवले. कायद्याला ते मान्य आहे आणि केंद्र सरकारची नोंदणी अशी काही अस्तित्वातच नाही. इंटरनेटवर पैसे भरून मिळणाऱ्या ओळखपत्रांना कायदेशीर अर्थ नाही, त्यामुळे कागद मागणारा मालक नेमका खोटे बोलणाऱ्याला आत घेतो आणि खऱ्या गरजवंताला दारात अडवतो. कुत्रा बाहेर बांधून ठेवला, तर तो तिच्या काय उपयोगाचा? कर्मचाऱ्यांना एवढेही सांगा, की त्याला हाका मारू नयेत, कुरवाळू नये. त्याचे लक्ष विचलित होते.

दालचिनी:
दोघांचेही मनापासून आभार. ‘तो जवळ असला की मला धीर वाटतो’ असे उत्तर आले, तर?

नदीकाठ:
केवळ सोबतीने दिलासा देणारा प्राणी या कायद्यात सर्व्हिस डॉग ठरत नाही. परंतु घबराटीचा झटका येण्याची चाहूल ओळखून तो टाळण्यासाठी ठरावीक कृती करायला शिकवलेला कुत्रा निश्चितच ठरतो. म्हणून उत्तर पुरते ऐकून घ्यावे. प्रशिक्षण चालू असलेल्या कुत्र्याला या केंद्रीय कायद्याचे संरक्षण नाही, पण न्यू जर्सीचा कायदा प्रशिक्षकासोबत असलेल्या अशा कुत्र्यालाही प्रवेश देतो, आणि तो तुम्हाला लागू आहे.