शब्दचर्चा : ॲडॅप्टिव्ह फिल्टरमधल्या 'एरर'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या मुलांसाठी ॲडॅप्टिव्ह फिल्टरवर (येणाऱ्या सिग्नलप्रमाणे स्वतःला आपोआप बदलत जाणाऱ्या फिल्टरवर) मराठीत टिपणं लिहिते आहे. इंग्रजी संज्ञा परीक्षेत लागतात, त्या देवनागरीत राहतीलच. पण समजावून सांगताना मराठी शब्द हवेत. सध्या फिल्टर = गाळणी, ॲडॅप्टिव्ह = अनुकूली, एरर = त्रुटी, कन्व्हर्जन्स = अभिसरण असं धरलंय. गाडी 'त्रुटी'पाशी अडली आहे. नॉइज कॅन्सलिंगच्या (नको असलेला सिग्नल वजा करायच्या) प्रकरणात "त्रुटी हाच आपल्याला हवा असलेला सिग्नल" असं वाक्य लिहावं लागतंय, आणि ते वाचून कुणालाही वाटेल की छपाईत काहीतरी घोळ झालाय. पर्याय सुचवाल का?

प्रतिसाद

'अनुकूली' हिंदी परिभाषेतून आलाय. मराठीत 'अनुकूल' म्हणजे आपल्या बाजूचा, सोयीचा. अनुकूल हवामान, अनुकूल ग्रह. शाळेच्या जीवशास्त्रात 'अनुकूलन' आहे, पण त्यावरून 'अनुकूली गाळणी' कुणाला उमगेल असं वाटत नाही. 'जुळवून घेणारा फिल्टर' म्हणा. लांब आहे, पण विशेषणातच काम सांगितलं जातं.

प्रतिसाद

गाळणी नको. द्रवाला गाळणी आणि पिठाला चाळणी, दोन्हींत भोकं ठरलेली असतात. इथे तर भोकंच बदलत राहतात! शिवाय नॉइज कॅन्सलरमधला फिल्टर स्वतः काहीच गाळत नाही, पुढे वजा करायची नक्कल तयार करून देतो. फिल्टरला फिल्टरच म्हणा. कॉफी आणि पाणी फिल्टर करणाऱ्या घरांत तो शब्द केव्हाच मराठी झालाय.

प्रतिसाद

'त्रुटी'साठी माझं मत 'बाकी'. सूत्र काय आहे? मूळ सिग्नलमधून फिल्टरचं आउटपुट वजा करा; जे उरतं त्याला पुस्तकं एरर म्हणतात. वजाबाकीतून येते ती बाकी. दुसरीतल्या मुलालाही हे कळतं.

हा नुसता शब्दांचा हट्ट नाही, 'त्रुटी'मुळे समज खरोखर अडते. बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७५चा नॉइज कॅन्सलिंगवरचा लेख घ्या. त्यात गर्भातल्या बाळाचा ईसीजी मिळवायचा प्रयोग आहे. आईच्या पोटावरच्या इलेक्ट्रोडला बाळाचे ठोके मिळतात, पण त्यांवर आईचे कितीतरी मोठे ठोके चढलेले असतात. आईच्या छातीवर वेगळे इलेक्ट्रोड लावले की तिथे जवळजवळ फक्त आईचे ठोके मिळतात. फिल्टर छातीवरच्या सिग्नलला असा आकार देतो की तो पोटावर पोचलेल्या आईच्या ठोक्यांसारखा दिसावा. मग वजाबाकी. उरतं ते बाळ. आता याला त्रुटी म्हणायचं?

बाकी कमीत कमी करायची म्हटल्यावर फिल्टर बाळालाही का पुसून टाकत नाही, ही मुलांची पुढची शंका असते आणि ती रास्त आहे. उत्तर असं की फिल्टरच्या हातात फक्त छातीवरचा सिग्नल आहे. बाळाच्या ठोक्यांचा त्याच्याशी काही मेळ नाही, त्यामुळे त्यापासून बाळाची नक्कल बनवताच येत नाही. बाकीची सरासरी शक्ती कमी करता करता आईचा वाटाच जातो. बाळामुळे गुणक (फिल्टर सिग्नलच्या नमुन्यांना ज्यांनी गुणतो ते आकडे) थोडे इकडेतिकडे हलतात, पण ते बदलायचं पाऊल लहान ठेवलं की ते सरासरीत जिरून जातं.

गुणक बदलायचा नियम मराठीत एका ओळीत बसतो: नवा गुणक = जुना गुणक + म्यू × बाकी × त्या गुणकासमोरचा नमुना. (म्यू म्हणजे पावलाचा आकार, नमुना म्हणजे इनपुटचं एका क्षणाचं माप.) हाच एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर), विड्रो आणि हॉफ यांनी १९६० साली स्टॅनफर्डमधून मांडला. (हे हॉफ म्हणजे पुढे इंटेलच्या ४००४ मायक्रोप्रोसेसरच्या आखणीत असलेले टेड हॉफ.)

टिपणात आकडे घालून दाखवा. एकच गुणक, इनपुट दर वेळी १, मूळ सिग्नल ०.८, सुरुवात शून्यापासून. म्यू ०.५ ठेवला तर बाकी ०.८, ०.४, ०.२, ०.१ अशी निम्मी होत जाते. म्यू २.५ केला तर ०.८, −१.२, १.८, −२.७. दर वेळी चिन्ह उलटं आणि आकडा दीडपट. या उदाहरणात म्यू २ च्या खाली राहिला तरच गाडी रुळावर. एरवी ही मर्यादा इनपुटच्या ताकदीवर ठरते, म्हणून व्यवहारात त्या ताकदीने भागून घेतलेला एनएलएमएस वापरतात.

आणि ते ऋण चिन्ह बघा. 'त्रुटी' ऋण असते म्हटलं तर कानाला खटकतं. बाकी मात्र येणंही असते आणि देणंही, वहीखात्यात दोन्ही बाजूंना बसते.

प्रतिसाद

'बाकी' आवडला, पण सरसकट चालणार नाही. मोडेममधला इक्वलायझर (लाइनमुळे बिघडलेला सिग्नल सुधारणारा फिल्टर) घ्या, १९६५च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट लकी यांनी टेलिफोन लाइनसाठी केलेलं काम. तिथे सुरुवातीला दोन्ही टोकांना माहीत असलेली ठरावीक चिन्हांची माळ पाठवायची. काय यायला हवं होतं आणि फिल्टरमधून काय आलं यातला फरक ही खरोखरच चूक असते. ती शून्यावर यावी हीच इच्छा, उरलेल्यात जपून ठेवण्यासारखं काही नाही. तिथे मी 'त्रुटी'च म्हणेन. शिवाय भागाकारातही बाकी असते, तिचं काय?

प्रतिसाद ('बाकी' सुचवणारा)

भागाकाराचा मुद्दा सोडून देऊ, संदर्भाने कळतं. इक्वलायझरचं मान्य. पण टिपणात दोन शब्द ठेवले तर सूत्र एकच आहे हे मुलांच्या नजरेतून सुटेल. मी बाकीच ठेवीन आणि इक्वलायझरच्या प्रकरणात "इथे ही बाकी म्हणजे निव्वळ चूक" असं एक वाक्य टाकेन. उलट बाजूने, 'त्रुटी' ठेवून निभावता येत नाही. एको कॅन्सलर (फोनवरचा प्रतिध्वनी पुसणारा फिल्टर) शिकवताना तर अजिबात नाही.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे स्वतःचाच प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने कानावर. अशा लाइनवर बोलणं मुश्कील होतं. भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांनी बेल लॅब्जमध्ये जुळवून घेणाऱ्या एको कॅन्सलरवर काम केलं, त्यांचा लेख १९६७चा. पलीकडून आलेल्या आवाजापासून फिल्टर प्रतिध्वनीची नक्कल करतो आणि ती वजा होते. इकडचा माणूस गप्प असेल तर बाकी म्हणजे न पुसला गेलेला प्रतिध्वनी. तो बोलायला लागला की बाकीत त्याचा आवाज येतो, बाकी एकदम फुगते, आणि नेमकं तेव्हाच गुणक बदलणं थांबवायचं असतं, नाहीतर जमलेला फिल्टर बिघडतो. 'त्रुटी' शिकलेला मुलगा विचारणार, त्रुटी सगळ्यात मोठी असताना सुधारणा बंद का करायची? 'बाकी' म्हटलं तर आधी विचारावं लागतं की बाकी कशाची उरली.

मूळ प्रश्नकर्ती

बाकी नक्की केलं. एको कॅन्सलरचा परिच्छेद जवळजवळ असाच घेते. 'अभिसरण'बद्दल कुणीच बोललं नाही?

प्रतिसाद

अभिसरण म्हटलं की रक्ताभिसरण आठवतं, म्हणजे गोल फिरणं. अर्थ नेमका उलटा! 'अभिसारी भिंग' शाळेत असतं, त्यामुळे 'अभिसारी' चालेल, नाम मात्र फसवं आहे. 'स्थिरावणे' घ्या. तिथे एक तळटीप मात्र हवी: एलएमएसचे गुणक अगदी स्तब्ध होत नाहीत, योग्य किमतीच्या आसपास घुटमळत राहतात. म्यू मोठा तर लवकर पोचतात आणि जास्त घुटमळतात, लहान तर उशिरा पोचतात पण कमी हलतात. आरएलएस (रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स, गुणक बदलायची दुसरी रीत) लवकर स्थिरावतो, पण गणित वाढतं: एलएमएसमध्ये गुणक दुप्पट झाले तर काम दुप्पट, साध्या आरएलएसमध्ये चौपट.

मूळ प्रश्नकर्ती

'स्थिरावणे' घेतलं. आता शेवटचा, 'टॅप' (फिल्टरमधली एकेका गुणकाची जागा). भाषांतर करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने "५१२ नळांचा फिल्टर" असं दिलंय.

प्रतिसाद

वाचून नळाखाली डोकं धरावंसं वाटलं. ट्रान्सफॉर्मरच्या टॅपिंगला आपल्याकडचा वायरमनही टॅपिंगच म्हणतो, तेव्हा टॅप राहू द्या. पण ५१२ हा आकडा कुठून आला ते मुलांना सांगा. टेलिफोनच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, म्हणजे ५१२ टॅप ६४ मिलिसेकंद व्यापतात. स्पीकरफोनपासून तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून परतलेला आवाज साधारण साडेसतरा मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे १४०व्या टॅपच्या आसपास. तिथला गुणक मोठा झालेला आलेखात दिसतो. लॅबमध्ये स्पीकर भिंतीपासून लांब सरकवला की ते टोकही पुढे सरकतं, मुलांना हे करून बघायला आवडेल.