सुवाला (फिजी) बदली झालीये, चिनी समाजाच्या यात सेन शाळेत मुलांना घालावं का?

बदलीवाली_आई
नमस्कार मंडळी, मिस्टरांना बँकेतून सुवाचं फॉरेन पोस्टिंग मिळालंय, जानेवारीत निघायचंय. मुलगी चौथीत आहे, मुलगा पहिलीत. तिकडे राहून आलेल्या एका सरांनी यात सेन प्रायमरीचं नाव सुचवलं, पण बघितलं तर ती चिनी समाजाची शाळा निघाली. मुलांना चिनी भाषेतलं ओ की ठो कळत नाही, मग शिकवणार कशात, आणि सगळ्या चिनी मुलांत आपली दोघं एकटी पडली तर? सासूबाई म्हणतायत की आर्य समाजाची किंवा गुजराती मंडळाची शाळा बघा, निदान हिंदी तरी असेल. कोणी राहिलंय का तिकडे?

जुना_सुवाकर
ताई, आमची मुलगी तिथेच शिकली, त्यामुळे अगदी निर्धास्त राहा. फिजीत सरकारच्या स्वतःच्या शाळा फार कमी, बाकीच्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या चर्चच्या, समाजाच्या नाहीतर गावाच्या कमिटीच्या. आर्य समाज, सनातन धर्म, दक्षिण भारतीयांचा संगम, मुस्लिम लीग, प्रत्येकाच्या शाळा आहेत आणि चिनी समाजाची ही. मास्तरांचा पगार आणि अभ्यासक्रम सरकारी, इमारत आणि कारभार संस्थेचा, म्हणजे आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखंच झालं. शिकवणं इंग्लिशमध्ये, मँडरिन म्हणजे प्रमाण चिनी भाषा हा एक विषय. आणि चिनी मुलं वर्गात कमीच असतात हो, बहुतेक मुलं इ-तौकेई म्हणजे मूळ फिजीयन आणि भारतीय वंशाची, त्यामुळे एकटं पडायचा प्रश्नच येत नाही. इ-तौकेई घरातली पोरं फाडफाड मँडरिन बोलताना ऐकली ना की फार छान वाटतं, मला तरी त्या शाळेचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

दर्यापार
थोडा इतिहास सांगते कारण मला या शाळेबद्दल मनापासून आदर आहे. फिजीत जुने चिनी लोक आले ते मुख्यतः ग्वांगडोंग प्रांतातून, पहिल्यांदा १८५० च्या दशकात लेवुका या फिजीतल्या जुन्या बंदराच्या गावाला, मग दुकानं, बेकऱ्या, भाजीचे मळे. आपल्या गिरमिटियांसारखे करारावर हजारोंनी आणलेले नव्हेत (ते १८७९ ते १९१६ मध्ये साठ हजारांवर आले), हे आपापले, थोडेथोडे आले. आजही लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. एवढ्याशा समाजाने १९३६ साली शाळा काढली, यात सेन हे नाव चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यात-सेन यांचं, जे स्वतः ग्वांगडोंगचेच आणि लहानपणी होनोलुलूत शिकलेले. हायस्कूल १९८६ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी फिजीत लष्करी उठाव, त्यानंतर भारतीयांसारखीच कितीतरी चिनी कुटुंबंही ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघून गेली. फक्त आपल्या पोरांसाठी दार उघडं ठेवलं असतं तर वर्ग भरलेच नसते असं मला वाटतं. सगळ्यांना घेतलं म्हणूनच तिथे मँडरिन टिकली. आपण परदेशात शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवतो आणि पोरं गळाली की हळहळतो, त्यांनी हा विचार जरूर करावा, मराठी बाहेरच्यांनाही शिकवायची तयारी आहे का आपली?

लौतोका_वरून
दर्यापारताईंचं पटतंय पण एक बाजू राहिली. जुन्या चिनी घरांतून कँटनीज म्हणजे ग्वांगडोंगकडची भाषा किंवा गावाकडची बोली बोलायचे आणि शाळेत शिकवतात मँडरिन, त्यामुळे आजी-आजोबांची बोली शाळेने वाचवली असं म्हणता येणार नाही, ती घराघरांतून गेलीच बऱ्यापैकी. म्हणून मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंना सांगणं की शाळा कुठलीही घ्या, मराठी तुम्हालाच घरी सांभाळायची आहे, ते काम कुठलीच शाळा करणार नाही. हिंदीची चिंता नको, मैदानात पोरं फिजी हिंदी आपोआप उचलतात. बाकी आमच्या लौतोकातही झोंग ह्वा नावाची चिनी समाजाची प्रायमरी आहे, पण तुम्ही सुवाला म्हणजे यात सेनच.

बदलीवाली_आई
खूप आधार वाटला सगळ्यांचा 🙏 सासूबाईंना वाचून दाखवलं. पण चौथीतल्या मुलीला मँडरिन मधूनच सुरू करायला जड जाईल का? तिच्या वर्गातली मुलं पहिलीपासून शिकत असतील ना.

जुना_सुवाकर
पहिले काही महिने जाईल, खोटं सांगत नाही. चिन्हं पाठ करावीच लागतात, रोज थोडी थोडी लिहून घ्या. आमची पण मधूनच लागली होती, वर्गातल्या मैत्रिणींनीच तिला सगळ्यात जास्त शिकवलं. धाकट्याला काहीच जाणवणार नाही. शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं म्हणजे तुमची वेळ बरोबर जुळतेय, फक्त जागा लवकर भरतात म्हणून आत्ताच शाळेला मेल टाका. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड यांच्या इंग्लिश प्रती हाताशी ठेवा आणि मुलांच्या शाळेसाठी वेगळं परमिट लागेल का ते बँकेच्या एचआरकडून लेखी घ्या. आणि चांगले रेनकोट आणा, सुवाला पाऊस बारा महिने.