टोबी कीथची ती सीडी अजून कुणाकडे आहे का?

खुर्चीतला_प्रवासी
काल गॅरेज आवरताना खोक्यात अमेरिकन कंट्री गायक टोबी कीथची 'अनलीश्ड' सापडली. २००२ची. तेव्हा आम्ही तुलसाला, ओक्लाहोमा. माझ्याकडे गाडी नाही, ऑफिसातला एकजण रोज पिकपमधून न्यायचा आणि पिकपमध्ये ही एकच सीडी. ते ९/११च्या हल्ल्यानंतर चिडून लिहिलेलं 'अँग्री अमेरिकन' गाणं, शत्रूच्या ढुंगणात बूट घालू वगैरे. मी एच-१बी व्हिसावाला, सावळा, खिडकीबाहेर बघत बसायचो. आवाज कमी कर म्हणायची छाती झाली नाही. पण बायकोला रात्री दोनला कळा सुरू झाल्या तेव्हा फोन त्यालाच केला. पंधरा मिनिटांत दारात. दवाखान्यापर्यंत तेच गाणं!! शहर सोडताना सीडी त्यानेच दिली. तुमच्या आठवणी लिहा.

मैना_ह्यूस्टन
मी डिक्सी चिक्सवाली, त्या बायकांच्या कंट्री बँडची चाहती. त्यांची गायिका नॅटली मेन्सने कीथच्या त्या गाण्याला अडाणी म्हटलं तेव्हा घरात टाळ्या वाजवल्या होत्या. मग मार्च २००३ला लंडनमध्ये ती म्हणाली, बुश टेक्ससचा आहे याची लाज वाटते. झालं! रेडिओवरून गायब. लुइझियानात तर सीड्यांवर ट्रॅक्टर फिरवला. कीथ कार्यक्रमात तिचा आणि सद्दामचा जोडलेला फोटो दाखवायचा. कुणी येणार असलं की रूममेट माझ्या सीड्या उशीखाली सरकवायची.

ताक_घे
दाढी काढली होती मी ९/११च्या त्या आठवड्यात.
ॲरिझोनात मेसाला बलबीर सिंग सोढी या शीख गृहस्थांना मुसलमान समजून त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या, १५ सप्टेंबर २००१ला. आम्ही जवळच, फीनिक्सला. गाणं पुढच्या वर्षीचं, पण पंपावर लागलं की मी पेट्रोल न भरताच निघायचो.

मैना_ह्यूस्टन
@ताक_घे 😔

चूभूद्याघ्या
कीथची बाजू घेत नाहीये, पण वडील लष्करातले, नोकरीत एक डोळा गेलेला, मार्च २००१ला अपघातात वारले. सहा महिन्यांत न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले. गाणं लिहिलं ते वडिलांच्या आठवणीत. फक्त सैनिकांपुढे म्हणायचा, रेकॉर्ड कर म्हणून मरीनच्या प्रमुखांनी सांगितलं. दुःख खरं, गाण्यात मात्र माज उतरला असं माझं मत. आणि गंमत म्हणजे हा २००८पर्यंत डेमोक्रॅट!

खुर्चीतला_प्रवासी
वडिलांचं माहीत नव्हतं. पिकपवाल्याचेही नुकतेच गेले होते तेव्हा. हे आत्ता आठवलं.

सुगरण_नसलेली
कुकर लावून लिहितेय. माझा मुलगा इराकला होता. कीथ त्यांच्या तळावर गाऊन गेला, त्या रात्री फोनवर पोरगा किती महिन्यांनी हसला. मला ते गाणं ऐकवत नाही. पण कीथला कुणी नावं ठेवली की मी उठून आत जाते.

पेठेतला
आमच्या सोसायटीत १५ ऑगस्टला पहाटे ६पासून स्पीकर असतो. तुम्ही निदान सीडी बंद तरी करू शकत होता.

ताक_घे
@पेठेतला पिकप त्याचा होता हो 😄

बटाटेवडा_डॅलस
त्याच सीडीवर विली नेल्सनबरोबरचं घोड्यांना बिअर पाजायचं गाणं आहे, ते आमच्या गणपतीच्या ढोलपथकात पोरांनी बसवलं होतं. फक्त एकदाच. नंतर अध्यक्षांनी शब्द वाचले.

सुगरण_नसलेली
अगो बाई 😂 शिट्ट्या किती झाल्या मोजल्याच नाहीत मी

मैना_ह्यूस्टन
@बटाटेवडा व्हिडिओ आहे का?

बटाटेवडा_डॅलस
हँडीकॅमची टेप आहे. चालवायला कॅमेरा नाही. कुणाकडे आहे का?