मोशेने केलेला साप सुद्धा फोडावा लागला

एकांनी लिहिलंय की बाप्तिस्मा घेतला (म्हणजे पाण्याचा विधी करून ख्रिस्ती झालं), देव्हारा रिकामा केला की मूर्तिपूजेचा विषय संपला. अर्धं पटतं. पण बायबलमधलं २ राजे १८:४ बघा, यहूदाच्या हिज्कीया राजाने जो पितळी साप फोडून टाकला तो काही परक्या देवाचा नव्हता, तो देवाच्याच सांगण्यावरून इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने रानात केलेला (गणना २१), सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे बघून वाचले होते, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्यालाच धूप जाळायला लागले! म्हणजे चांगली, देवानेच दिलेली वस्तू सुद्धा मूर्ती होऊ शकते. त्या सापाला नाव काय पडलं तर नहुश्तान, म्हणजे नुसता पितळेचा तुकडा.

आमच्याच घरचं सांगतो. आजीने देव्हारा कधीच काढला होता, पण बाळ रडायला लागलं की त्याच्या उशाखाली बायबल ठेवायची, दृष्ट लागू नये म्हणून. ते बायबल उघडून वाचताना मात्र मी कुणालाच पाहिलं नाही, पानं अजून कोरी करकरीत आहेत. आणि येशूचा प्रेषित पौल तर कलस्सैकरांच्या पत्रात (३:५) सरळ लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, आता तो कुठल्या देव्हाऱ्यातून काढायचा?