नववी-दहावी भारतात, पुढचं हायस्कूल परदेशात : विषय आणि क्रेडिट्सचे अनुभव

दरवर्षी मे-जून आला की तोच प्रश्न येतो. बदली झाली, मुलाची नववी झाली आहे, ऑगस्टपासून अमेरिकेत किंवा कॅनडात शाळा. विषय कसे ठरवायचे आणि डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) वेळेत मिळेल ना? पाचवी-सहावीतली मुलं हळूहळू रुळतात. नववी ते बारावीच्या मुलांकडे तेवढा वेळ नसतो. तिथे नववीपासूनचं प्रत्येक वर्ष ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषय आणि मार्कांच्या अधिकृत नोंदीवर चढतं आणि डिप्लोमा मिळतो तो चार वर्षांत जमलेल्या क्रेडिट्सवर, म्हणजे विषय पुरा झाला की शाळा जी मोजणी देते तिच्या बेरजेवर. नियम राज्यागणिक निराळे, त्यात डिस्ट्रिक्टची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाची आणखी भर.

म्हणून ज्यांच्या घरात हे नुकतंच पार पडलंय त्यांनी सविस्तर लिहा. भारतातलं काय मोजलं गेलं, काय राहिलं, कुठला विषय कधी घेतला. राज्य कोणतं आणि मूल कितवीत आलं हे आवर्जून सांगा, नाहीतर वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. माझं ठाम मत एवढंच की मुलाचं जे शिकून झालंय ते आधी तिथल्या कागदावर चढवून घ्यावं. पुढची आखणी मग.

मध्य न्यू जर्सी. मुलगी पुण्याहून नववी करून दहावीत आली

आमची शाळा राज्य बोर्डाची, सेमी-इंग्लिश. प्रगतिपुस्तकात "गणित" अशी एकच ओळ. विषय ठरवून देणाऱ्या शाळेतल्या काउन्सेलरबाईंनी ती बघितली आणि लेकीला अल्जिब्रा वनला घातलं. इथे गणिताचा क्रम ठरलेला आहे : अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. दहावीत पहिल्या पायरीवर बसलेलं मूल बारावीत अल्जिब्रा टूपर्यंतच येतं. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं.

बालभारतीच्या साइटवरून नववीची गणित भाग 1 आणि भाग 2 ही इंग्रजी पुस्तकं उतरवली. भाग 1 बीजगणित, भाग 2 भूमिती. दोन्हींच्या अनुक्रमणिका छापल्या आणि प्रत्येक धड्यासमोर इथल्या कोर्समधला जुळणारा भाग लिहिला. बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, समांतर रेषा, त्रिकोण, वर्तुळ, निर्देशक भूमिती, सगळं. सोबत तिची भूमितीची वहीही नेली. गणिताच्या सुपरवायझर वही उलटत होत्या आणि एका पानावर थांबल्या. चौकोनाचं प्रमेय होतं, वर "गिव्हन", मग "टू प्रूव्ह", मग "प्रूफ", आणि प्रत्येक विधानासमोर कंसात कारण. त्यांनी त्याच आठवड्यात पातळी ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट घेतली. जॉमेट्रीचं क्रेडिट मिळालं आणि लेक अल्जिब्रा टूमध्ये गेली. प्रगतिपुस्तकापेक्षा त्या वहीने जास्त काम केलं, त्यामुळे निघताना जुन्या वह्या रद्दीत देऊ नका.

बाकी हिशोब असा. राज्याला 120 क्रेडिट्स लागतात. वर्षभराच्या एका विषयाचे साधारण 5. इंग्रजीचे 20, गणिताचे 15, विज्ञानाचे 15 (त्यात जीवशास्त्र हवंच), सामाजिक शास्त्रांचे 15 आणि त्यातले 10 अमेरिकेच्या इतिहासाचे. आपलं "विज्ञान आणि तंत्रज्ञान" एका वर्षाचं लॅब सायन्स म्हणून धरलं, बायॉलॉजी तिला वेगळी करावी लागली. आर्थिक साक्षरतेचे अडीच क्रेडिट्स उन्हाळ्यात ऑनलाइन उरकले. पीई (शारीरिक शिक्षण) आणि हेल्थ मात्र शाळेत असाल तितकी वर्षं दरवर्षी, त्यात सवलत नाही. परकीय भाषेसाठी भाषा येत असल्याचं परीक्षेतून दाखवता येतं. लेकीने मराठीची परीक्षा दिली आणि तिच्या वेळापत्रकात रोबॉटिक्सला जागा झाली.

डॅलसजवळ, टेक्सास. मुलगा दहावी बोर्ड देऊन अकरावीत

ताई, वहीचं वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे प्रश्न मार्कांचा होता. मुलाला बोर्डात 78 टक्के. शाळेच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या तक्त्यात 78 म्हणजे सी. आपल्याकडे 75 च्या वर डिस्टिंक्शन आणि 35 ला पास, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बोर्डाची श्रेणींची पद्धत इंग्रजीत छापून, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या पत्रासह दिली. डिस्ट्रिक्टने शेवटी भारतातल्या विषयांना क्रेडिट दिलं, पण जीपीएत, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत धरलं नाही. मला तो न्याय्य निर्णय वाटला.

टेक्सासमध्ये साधा डिप्लोमा 22 क्रेडिट्सचा, एन्डॉर्समेंटसह (एखाद्या क्षेत्रातल्या जास्तीच्या विषयांसह) 26. शिवाय राज्याच्या पाच परीक्षा : अल्जिब्रा वन, बायॉलॉजी, इंग्लिश वन, इंग्लिश टू आणि यूएस हिस्टरी. बाहेरून आणलेलं क्रेडिट शाळेने स्वीकारलं की त्या विषयाची परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत क्रेडिट्सचा विषय काढा आणि जे ठरेल ते ईमेलवर मागून घ्या. तोंडी "होऊन जाईल" म्हणणारी व्यक्ती पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

आणखी दोन गोष्टी. वर्गातल्या वरच्या 10 टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेशाचा कायदा 1997 पासून आहे (ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची मर्यादा त्याहून कडक), पण त्यासाठी "डिस्टिंग्विश्ड" पातळीचा डिप्लोमा लागतो आणि त्यात अल्जिब्रा टू हवंच. दुसरी, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॉर्म भरणं हीसुद्धा इथे डिप्लोमाची अट आहे. एच-फोरवरच्या (आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या) मुलांना केंद्राची मदत मिळत नाही, तेव्हा घाबरू नका. नको असल्याचं पालकांनी सही करून लिहून दिलं तरी अट पूर्ण होते. आम्हाला हे बारावीच्या वसंतात समजलं आणि घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

बे एरिया, कॅलिफोर्निया. मी स्वतः दहावीनंतर आले, आता कॉलेजात आहे

काका-काकूंनी लिहिलंय, मी मुलांच्या बाजूने लिहिते. कॅलिफोर्नियात दोन याद्या असतात. एक शाळेच्या डिप्लोमाची, दुसरी यूसी आणि सीएसयू या राज्याच्या सरकारी विद्यापीठांची, जिला सगळे "ए टू जी" म्हणतात. शाळेची यादी पूर्ण झाली म्हणजे दुसरी झालीच असं नाही. राज्याच्या किमान अटीत गणित दोन वर्षं आहे, ए टू जीमध्ये तीन, आणि चार केलेलं बरं. एकूण 15 कोर्स, प्रत्येकात किमान सी, आणि त्यातले 11 बारावी सुरू होण्याआधी. भारतातली नववी-दहावी त्यात धरली जाते. अर्जात भारतातले मार्क गुणपत्रिकेवर आहेत तसेच लिहायचे, स्वतः ए-बी करत बसायचं नाही.

माझं अडलं ते "एफ"वर, म्हणजे कलेच्या वर्षभराच्या कोर्सवर. लहानपणापासून कथक शिकले, पण शाळेच्या बाहेरचं म्हणून ते धरलं नाही. मला खूप रडू आलं. मग सिरॅमिक्स घेतलं. पहिल्या महिन्यात इंग्रजी बोलायला तोंड उघडत नव्हतं, पण चाकावर शेजारी बसलेल्या मुलीशी मातीत पाणी किती घालायचं यावर बोलता आलं. माझी पहिली मैत्रीण तीच. आई-बाबांनो, सगळे तास एपीने, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सेसनी भरू नका. पहिल्या सेमिस्टरला असा एक विषय हवा जिथे हात चालतात आणि तोंड आपोआप उघडतं.

उत्तर व्हर्जिनिया. मुलगा नववीत

थोडक्यात. स्टँडर्ड डिप्लोमा 22 क्रेडिट्स, ॲडव्हान्स्ड 26. काही क्रेडिट्स राज्याची परीक्षा पास होऊन "व्हेरिफाय" व्हावी लागतात. इकॉनॉमिक्स आणि पर्सनल फायनान्स सक्तीचं. प्रथमोपचार आणि सीपीआरचं (हृदय थांबलं तर छाती दाबण्याचं) प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मुलाने ते पुतळ्यावर शिकून आजीलाही दाखवलं.

शिकागोजवळ, इलिनॉय. मुलगी दहावीत

मला थोडं वेगळं सांगायचंय. वरची पायरी मिळवण्यासाठी आपण सगळे झटतो, पण मुलाला कुणी विचारतं का? माझ्या मुलीला ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीची केमिस्ट्री मिळत होती. ती म्हणाली, आई, मला गणित येतं, पण बाई काय बोलतात ते निम्मं कळत नाही. आम्ही साधी केमिस्ट्री घेतली. पुढच्या वर्षी तिने आपणहून एपी मागितली. जिथे विषय भाषेवर उभा आहे तिथे एक वर्ष थांबायला काही हरकत नाही. गणितात मात्र न्यू जर्सीच्या ताईंसारखं भांडावं, कारण तिथे मागे राहिलेलं वर्ष भरून निघायला उन्हाळे घालवावे लागतात.

इलिनॉयमध्ये देशाच्या आणि राज्याच्या संविधानावरची परीक्षा पास व्हावी लागते आणि कन्झ्युमर एज्युकेशनही (ग्राहक शिक्षण) करावं लागतं. उशिरा आलेल्या मुलांच्या वेळापत्रकातून हे दोन्ही सहज निसटतं, म्हणून काउन्सेलरना नाव घेऊन विचारा.

ऑन्टारियो, कॅनडा. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं काम करते

टेबलाच्या पलीकडून लिहिते. आमच्याकडे 30 क्रेडिट्स, एक क्रेडिट म्हणजे 110 तासांचा कोर्स. सोबत 40 तास समाजसेवा आणि साक्षरतेची अट. बाहेरून आलेल्या मुलाला किती क्रेडिट्स द्यायची हे मुख्याध्यापक ठरवतात, आणि त्यांच्यासमोर तुमचे कागदच बोलतात. गुणपत्रिका, अभ्यासक्रम, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं मूळ प्रतीत आणा. फ्रेंचची अट पाहून दचकू नका. काही सक्तीचे विषय बदलून देण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे, फक्त तो वापरावा म्हणून विचारावं लागतं.

अकरावी-बारावीत कोर्सच्या कोडकडे डोळ्यात तेल घालून बघा. शेवटचं अक्षर यू म्हणजे विद्यापीठासाठी, सी म्हणजे कॉलेजसाठी, एम म्हणजे दोन्हींसाठी. विद्यापीठाला बारावीचे सहा यू किंवा एम कोर्स लागतात आणि त्यात यू पातळीचं इंग्रजी हवंच. इंजिनिअरिंगसाठी ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री. यातल्या बहुतेकांना अकरावीचा आधीचा कोर्स लागतो, म्हणून अकरावीचं वेळापत्रक बारावीकडून मागे मोजत करा.

नाशिकहून एक प्रश्न

मुलगा दहावी झालाय, ऑक्टोबरमध्ये टोरांटोजवळ पोचू. वर्ग तर सप्टेंबरमध्येच सुरू होतात. वर्ष वाया जाईल का?

ऑन्टारियोच्या ताईंचं उत्तर

नाही दादा. बऱ्याच शाळा सेमिस्टरवर चालतात, चार विषय आता आणि चार फेब्रुवारीपासून. ऑक्टोबरमध्ये चालू विषयांत घेतील की नाही ते शाळेवर आहे, पण फेब्रुवारीचा गट पूर्ण मिळेल आणि उन्हाळी शाळेतही क्रेडिट करता येतं. शाळा ठरली की आत्ताच ईमेल करा. गणित आणि इंग्रजी फेब्रुवारीत मिळेल का, एवढंच आधी विचारा. आणि हो, नववी-दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं सामानात टाका, वजन वाढलं तरी चालेल.